पाठमोरी

इतवारीच्या भांडे ओळीत विश्वनाथचं दुकान होतं, दुकानामागे घर, आणि घरावर एकच खोली. त्या खोलीत पूर्वी न खपलेली पितळी पातेली आणि घंगाळं ठेवत. गेल्या दिवाळीपासून तिथे त्याची बायको शामला ठेवली होती. 'ठेवली होती' असंच म्हणायला हवं, कारण तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि अर्धी पातेली अजून तिथेच होती.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. कडीची गरजच नव्हती. शामलाला क्षय आहे असं बर्डीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तो श्वासातून पसरतो हे सासूने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. खाली सुमी होती, तिची तान्ही पोर. तू खाली उतरलीस तर लेकरू जाईल, एवढं ऐकल्यावर कोणत्या आईला कुलूप लावावं लागतं? शामला आपण होऊन दारापासून दूर बसायची. खोकला आला की तोंडात पदर कोंबायची, आणि आपला श्वास जिन्यावरून खाली तर उतरत नाही ना, या भीतीने तो जमेल तेवढा धरून ठेवायची.

सासू देवकीबाई काही दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं. तिचे दोन दीर याच रोगाने गेले होते, एकामागून एक, आणि त्यांची अंथरुणं तिनेच जाळली होती. ती वेळेवर ताट आणायची, वरच्या पायरीवर ठेवायची, नाकाला पदर लावून दोन पायऱ्या मागे सरायची आणि विचारायची, भाकर नरम आहे न वं? भाकर नरमच असायची. शेळीचं दूध, माशाचं तेल, सगळं वेळच्या वेळी. घरातल्या बकरीचीसुद्धा अशी बडदास्त ठेवतात, फक्त पुढे काय व्हायचं ते बकरीला ठाऊक नसतं.

दुखणं सुमीच्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी विहिरीवरून पाणी आणताना दम लागे, मग जिना चढताना, मग नुसतं बोलताना. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटे, म्हणून ती एका उपड्या घंगाळाला पाठ टेकून बसल्या बसल्याच झोपायची. मग खोकल्यातून रक्त आलं. त्या दिवशी देवकीबाईने सुमीला तिच्या मांडीवरून उचललं, ते उचललंच.

बर्डीवरचे डॉक्टर आले तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे शामला त्यांच्याकडे पाठ करून बसली. या घरची सून परक्या पुरुषाकडे तोंड करून बसत नसे, मग तो डॉक्टर असो की साक्षात धन्वंतरी. तोंड भिंतीकडे, डोक्यावर पदर, आणि मध्ये देवकीबाई, लुगड्याची दोन्ही टोकं मुठीत आवळून. डॉक्टरांनी लुगड्यावरूनच पाठीला नळी लावली, श्वास घ्यायला सांगितला, सोडायला सांगितला. मग म्हणाले, बाईंनी जरा इकडे वळावं. देवकीबाई म्हणाली, आमच्यात वळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर शामलाही अंग चोरून भिंतीकडेच सरकली. लाज ही काय सासूच शिकवते असं थोडंच आहे. रामटेकहून येतानाच तिने ती पदरात बांधून आणली होती. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी आग्रह केला नाही. पाठीत खाली दोन्हीकडे ओलसर बुडबुड्यांसारखा आवाज येत होता, बाई वाळली होती, थुंकीत रक्त होतं. त्यांनी हात धुतले आणि निदान सांगितलं. म्हणजे छातीचा रोग ठरला आणि छाती कोणी पाहिलीच नाही. यावर घरात कोणाला हसू आलं नाही, शामलालाही नाही, कारण यात काही चुकलं असं कोणालाच वाटलं नव्हतं.

विश्वनाथ सुरुवातीला रोज जिन्याखाली येऊन उभा राहायचा. काय खाल्लं, झोप लागली का, असं खालूनच विचारायचा. मग एक दिवसाआड यायला लागला, मग बाजाराच्या दिवशी. एकदा बराच वेळ काही न बोलता उभा राहिला, तेव्हाच शामलाला कळलं. पुरुष जिन्याखाली गप्प उभा राहतो तो एकाच कामासाठी. काटोलचे मारोतराव, संत्र्यांचे बगीचेवाले, आपली मुलगी प्रमोदिनी त्याला द्यायला तयार आहेत, असं त्याने सांगितलं. आईचा आग्रह आहे, असंही सांगितलं. घरात मुलगा नाही, असंही. शामला वर बसून ऐकत होती. तिने फक्त विचारलं, सुमीले दात आले का? चार आले, तो म्हणाला, आणि सुटल्यासारखा निघून गेला.

पण मारोतराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांचा सख्खा भाऊ क्षयानेच गेला होता. त्यांनी बैठकीत रोकडं सांगितलं, की क्षयाच्या घरात मी पोरगी देत नाही. पहिलीचा रोग तिच्यापुरताच आहे, घरात दुसऱ्या कोणाला नाही, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकीन, मग नारळ. विश्वनाथची छाती त्यांच्या माणसाने आधीच तपासून घेतली, ती धड निघाली. बायकांसाठी त्यांनी बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण इंदुताईंना बोलावून आणलं. त्यांच्या थोरल्या लेकीचं बाळंतपण इंदुताईंनीच केलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दावर मारोतरावांचा पुरा भरवसा होता.

इंदुताई मूळच्या पुण्याकडच्या, पन्नाशीला आलेल्या, आणि त्यांना थांबायला वेळ नसे. त्यांनी देवकीबाईला तपासलं, सुमीला तपासलं, दोघी धड निघाल्या, आणि मग त्यांनी विचारलं, आजारी बाई कुठे आहे?

देवकीबाई म्हणाली, तिचं काय पाहाचं, तिचं तं ठरलेलं आहे. इंदुताई तोवर जिना चढायला लागल्या होत्या. देवकीबाई मागे आली, तिला त्यांनी खाली पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

शामला सवयीने भिंतीकडे तोंड करून बसली. "मी बाईच आहे," इंदुताई म्हणाल्या. "वळा." शामला वळली, पण डोळे मिटून. उघड्या अंगावर कोणाचे हात लागून किती दिवस झाले होते हे तिला आठवेना. बोटं गार होती. तिला एकदम रडू फुटलं, दुखण्याचं नव्हे, कोणी हात लावला म्हणून. इंदुताईंनी ते रडणं होऊ दिलं आणि मग कामाला लागल्या.

आधी गळ्याच्या हाडाच्या वर, मग खाली, दोन्हीकडे बोटांनी टकटक करून पाहिलं. नळी लावली. मग पाठीला, अगदी तळाशी. मग डाव्या छातीखाली नळी ठेवली आणि तिथे त्या थांबल्याच. शामलाला डाव्या कुशीवर वळायला लावलं आणि पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा बदलला. लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. आला होता. रामटेकला, अकरा वर्षांची असताना. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर, असा तो ताप सबंध पावसाळाभर तिच्या अंगात हिंडला होता, आणि आई निर्गुडीच्या पाल्याने शेकत बसायची. आडवं झाल्यावर दम कोंडतो का? कोंडतो. बसलं की बरं वाटतं? वाटतं.

शेजारी उपडी पडलेली मोठी परात होती, तिच्यावर धुळीचा थर. इंदुताईंनी बोटाने त्या धुळीत छाती काढली. ही दोन फुप्फुसं, त्या म्हणाल्या. उजव्याला तीन भाग, डाव्याला दोनच, कारण डाव्याने थोडी जागा हृदयाला दिलेली असते. यांचं वरचं टोक गळ्याच्या हाडाच्याही वर डोकावतं. क्षय बहुतेक तिथून, वरून सुरू होतो, आणि तुमचा वरचा भाग अगदी साफ आहे. आता हे हृदय. दोन्हीच्या मध्ये, पण डावीकडे झुकलेलं. आत चार खोल्या, दोन वर, दोन खाली. फुप्फुसातून शुद्ध झालेलं रक्त डावीकडच्या वरच्या खोलीत येतं, एका झडपेतून खालच्या खोलीत जातं, आणि तिथून सगळ्या अंगाला.

"तुमची ती झडप त्या लहानपणच्या तापाने आखडलीय," इंदुताईंनी धुळीतल्या एका जागी बोट टेकवलं. "रक्त पुढे जायला वाट अरुंद. मग ते मागे तुंबतं, आणि मागे आहेत फुप्फुसं. ती ओली होतात, म्हणून दम, म्हणून खोकला, म्हणून रक्त. बाळंतपणात हृदयाला काम जास्त पडतं, तेव्हा हे सगळं वर आलं."

मग त्यांनी नळीची टोकं शामलाच्याच कानांत घातली. आधी तिला काही कळलं नाही. मग ऐकू आलं: एक ठोका, आणि त्याच्या मागून घरघर, जात्यात थोडे दाणे राहिल्यासारखी. जन्मापासून आपल्या छातीत वागवलेलं हे काळीज, आणि आज पहिल्यांदा त्याची विचारपूस होत होती. रोग हाल्याला आणि इलाज त्याच्या पाठीवरच्या पखालीला म्हणतात, ते इथे शब्दशः झालं होतं. वर्षभर तेल प्यायली ती फुप्फुसं आणि दुखत होतं काळीज.

शामलाने नळी काढली. "म्हंजे हे सुमीले नाही लागत?"

हृदयाचा रोग कोणाचा कोणाला लागत नाही, इंदुताई म्हणाल्या. पण त्या सावध बाई होत्या. थुंकी काचेखाली पाहून खात्री करीन, शुक्रवारी येऊन सांगीन, तोवर कोणाजवळ बोलू नका, असं त्यांनी बजावलं. औषधाने आराम पडेल, पण झडप सुधारणार नाही, हेही लपवलं नाही. आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, यापुढे मूल होऊ देऊ नका, जिवावर बेतेल.

त्या गेल्या आणि शामला हसत सुटली, तोंडावर पदर धरून. सुमी. बस, दुसरं काही मनातच येईना. पोरीला न्हाऊ घालीन, काजळ घालीन, कुशीत घेऊन निजेन. निजता तर येत नाही, मग बसून निजेन. ती उठून दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर उभी राहून तिने लांब श्वास सोडला, आणि तो खुशाल जिन्यावरून खाली जाऊ दिला.

ते सुख दुपारपर्यंतच टिकलं. खाली मारोतरावांचा माणूस आला होता, तो देवकीबाईला सांगत होता ते वर ऐकू आलं: डॉक्टरीणबाईंनी पहिलीलाही तपासलं आहे, तिला क्षयच ठरला तर मारोतराव आता नारळ देत नाहीत, वर क्षय आणि खाली आपली पोरगी हे नको म्हणतात. तेव्हा शामलाच्या ध्यानात आलं की आपल्याला कोणत्या चिमट्यात धरलं आहे. क्षय नाही, असं इंदुताईंनी खाली सांगितलं की मारोतरावांची शंका फिटली. घर स्वच्छ. शिवाय, पहिलीला मूल होणार नाही हेही डॉक्टरच्याच तोंडून. मग दुसऱ्या लग्नाला नाव ठेवायला जातीत कोणाला तोंड उरेल? उलट लोक म्हणतील, बिचारा विश्वनाथ, करणार तरी काय. आणि क्षय आहे, असं ठरलं तर मारोतराव उठून जातील. नुसते उठणार नाहीत, काटोलपासून उमरेडपर्यंत सांगत सुटतील, आणि मग या घरात कोणी पोरगी देणार नाही. विश्वनाथ तिचाच राहील. जिन्याखाली उभा राहणारा, पण तिचा. आणि ती या खोलीत, पातेल्यांच्या राशीत, मरेपर्यंत.

इकडे आड तिकडे विहीर. ती घंगाळाला टेकून बसली आणि तिला विश्वनाथचा राग यायला हवा होता तसा आला नाही, याचाच राग आला. लग्नानंतर पहिल्यांदा रामटेकहून येताना त्याने गाडीत पेरू घेतले होते, आणि मोठी माणसं समोर असताना बायकोला खायला कसं सांगायचं म्हणून त्याने स्वतःही एक खाल्ला नव्हता. सगळे पेरू तसेच घरी आले. असल्या माणसावर जीव लावू नये हे तिला कळत होतं. लागला होता, त्याला काय करणार. इंदुताई आल्या की त्यांचे पाय धरावे, काही दिवस गप्प राहा म्हणावं, असं तिने मनाशी पक्कं केलं. मारोतराव काही पोरीला वर्षभर घरात बसवून ठेवणार नाहीत. सुमी लहान आहे, थोडं थांबेल. आधी संसार वाचवावा.

शुक्रवार उजाडला. बैठकीत मारोतराव सकाळीच येऊन बसले होते, विश्वनाथ त्यांच्यासमोर. इंदुताईंचा पत्ता नव्हता. शामला दाराशी बसून खालची चाहूल घेत होती. अंगणात देवकीबाई धान्य निवडत असावी, सुपाचा आवाज येत होता. तेवढ्यात सुमीची हाक आली. पोरीला नुकते शब्द फुटत होते.

"आई," सुमी म्हणाली. सूप थांबलं. "ओ," देवकीबाई म्हणाली.

बस, एवढंच. देवकीबाईने काही वाकडं केलं नव्हतं. पोर हाक मारते, कोणीतरी ओ द्यायला हवी. पण शामलाला वाटलं, कोणी आपल्याला जिवंतपणी उचलून बाहेर नेलं आणि मागे दार लावून घेतलं. रडूही आलं नाही. सूप पुन्हा पाखडायला लागलं.

इंदुताई आल्या त्या सरळ वर आल्या. थुंकी साफ होती. क्षयाचं नावही नाही. मी खाली जाऊन सांगते, असं म्हणून त्या वळल्या, तेव्हा शामलाने त्यांना थांबवलं. आपल्या मनात काय होतं ते तिने सगळं सांगून टाकलं, मारोतरावांचं, लग्नाचं, गप्प राहायला सांगणार होती त्याचंही. इंदुताई ऐकून म्हणाल्या, की खोटं मी बोलणार नाही, पण अजून खात्री नाही म्हणून चार दिवस काढू शकते, तुमचा संसार आहे, तुम्ही ठरवा.

"नोका सांगू तुम्ही," शामला उठली. "मीच सांगतो."

ती जिना उतरली. एक पायरी, मग भिंतीला हात, मग दुसरी. मध्येच तिला बसावं लागलं. इंदुताई मागे होत्या, पण त्यांनी हात दिला नाही, तिनेही मागितला नाही. अंगणात उन्हाने तिचे डोळे दिपले. देवकीबाई सूप टाकून उभी राहिली आणि सुमीला मागे ओढायला वाकली, पण त्याआधी शामलाने पोरीला उचललं होतं.

सुमीने तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळून रडायला लागली. ही कोण बाई, वाळलेली, अनोळखी वासाची? पोरीने दोन्ही पाय झाडले, आजीकडे हात पसरले. शामलाने तिला छातीशी धरलं. गोष्टीत असतं तसं काही झालं नाही. आईच्या ठोक्याजवळ कान जाताच पोर शांत वगैरे झाली नाही. ती आणखी जोरात रडली. ते रडणं ऐकून मारोतराव आणि विश्वनाथ बैठकीच्या दारात आले. शामलाने डोक्यावरचा पदर ओढला, पण आज ती पाठ फिरवून उभी राहिली नाही.

"मले क्षय नाही," ती म्हणाली. धाप लागली, म्हणून थांबली. "काळीज बिघडलेलं आहे. कोणाले लागत नाही. डॉक्टरीणबाईले विचारा."

इंदुताईंनी होय म्हटलं, दोन वाक्यांत सगळं सांगितलं, पुढे मूल नको हेही. देवकीबाई मटकन खाली बसली. वर्षभर पायरीवर ठेवलेली ताटं तिच्या डोळ्यांपुढून गेली असतील. विश्वनाथ शामलाकडे बघत राहिला, पहिल्यांदा जिन्याशिवाय, आणि मग त्याने मान खाली घातली.

मारोतरावांचा चेहरा मात्र मोकळा झाला. व्यवहारी माणूस, त्यांनी हिशेब मनातच केला. ते चार पावलं पुढे आले आणि आदरानेच बोलले, की बाई, घर स्वच्छ निघालं हे देवाचं देणं, आता तुम्हीच सांगा, माझी पोरगी इथे आली तर तिला सवतीचा जाच तर नाही ना व्हायचा? तुमची हरकत असेल तर मी आल्या पावली जातो.

कोणी तिला काही विचारावं, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं, आणि विचारलं ते हे. शामलाने विश्वनाथकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर तिने सगळं सोडून दिलं असतं. तो काहीच म्हणाला नाही.

"तुमच्या पोरीले बहिणीवानी वागवीन," शामला म्हणाली. "पण सुमी माह्यापाशी निजन. रोज. अन् मलेच आई म्हणन. हे सगळ्यायसमोर कबूल करा, मंग माही हरकत नाही."

देवकीबाई डोळे पुसत उठली. "ती तुले ओळखत नाही वं. सारी रात रडन."

"रडू द्या. माह्यापाशी रडू द्या."

मारोतरावांनी विश्वनाथकडे पाहिलं, विश्वनाथने मान हलवली. बोलणी ठरली म्हणजे तोंड गोड करायला हवं, म्हणून देवकीबाई साखर आणायला आत निघाली. सुमी हुंदके देत तिच्यामागे झेपावली, आणि शामलाने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.